काचेवरचे बारीक चरे घरच्या घरी कसे काढावेत

काचेवरचा चरा पुसला जात नाही आणि भरूनही येत नाही. तो ‘गेला’ असं आपण म्हणतो तेव्हा झालेलं एवढंच असतं, की त्याच्या आजूबाजूची काच त्याच्या तळापर्यंत झिजवलेली असते. खड्डा बुजवायच्या ऐवजी सगळा रस्ताच खड्ड्याइतका खाली घ्यावा, तसं. हे एकदा नीट कळलं की बारीक चऱ्यालाही अर्धा तास का लागतो, खोल चऱ्याच्या नादी का लागू नये आणि नुसत्या रेघेवरच घासलं तर तिथून समोरची इमारत वाकडी का दिसते, हे वेगळं सांगावं लागत नाही.

खाली दिलेली पद्धत घरातल्या साध्या काचेसाठी आहे: ॲल्युमिनियम स्लायडिंगच्या खिडकीची ४-५ मिमीची काच, डायनिंग टेबलाची जाड काच, शोकेसची दारं, आरसा. पहिल्यांदा करत असाल तर समोरच्या खोलीच्या खिडकीवर प्रयोग करू नका. घर रंगवताना काढून ठेवलेली किंवा काचवाल्याकडे पडून असलेली एखादी तुकडा-काच घ्या, तिच्यावर मुद्दाम बारीक चरा पाडा आणि तो काढून बघा. हात बसायला तेवढं पुरतं.

आधी तो चराच आहे का, ते बघा

‘चरे पडलेत’ म्हणून दाखवल्या जाणाऱ्या काचांवर पुष्कळदा चरे नसतातच. काचेवर काहीतरी चिकटलेलं असतं. आमच्याकडे नाशिकमध्ये याचं पहिलं कारण म्हणजे बोअरचं पाणी. ज्या सोसायट्यांमध्ये धुण्या-पुसण्याला बोअरचं जड पाणी वापरतात, तिथे बाथरूमच्या आणि बाल्कनीच्या काचेवर ओघळांच्या पांढुरक्या रेषा उमटतात. पाणी उडून जातं, त्यातला चुना मागे राहतो. लांबून पाहिलं तर काच खरवडल्यासारखी दिसते.

दुसरं कारण धातूचे डाग. ॲल्युमिनियमची शिडी, स्टीलचं भांडं, पडद्याचा रॉड काचेला घासला की करडी रेघ उमटते. ॲल्युमिनियम काचेपेक्षा बरंच मऊ असतं, त्यामुळे अशा वेळी काच खरवडली जाण्याऐवजी धातूच काचेवर घासून लागलेला असतो. पाटीवर पेन्सिल ओढल्यासारखा.

दोन्हींवर उपाय एकच: लिंबूसत्त्व, म्हणजे सायट्रिक ॲसिड. पाव लिटर कोमट पाण्यात एक मोठा चमचा (साधारण १५ ग्रॅम) विरघळवा. टिश्यू पेपर त्यात भिजवून डागावर चिकटवा, दहा-पंधरा मिनिटं तसाच राहू द्या, मग मऊ कापडाने पुसून साध्या पाण्याने धुवा. नुसतं शिंपडलं तर पाणी लगेच ओघळून जातं आणि काम होत नाही, टिश्यू त्याच्यासाठीच लागतो. घरात पांढरं व्हिनेगर असेल तर तेही चालतं, फक्त पाणी न घालता वापरा.

एक सांभाळायचं. आपल्याकडे खिडकीच्या खाली बहुतेक वेळा कडप्पा असतो, जुन्या घरात शहाबादी किंवा कोटा. हे सगळे चुनखडीचे दगड आहेत आणि कोणतंही आम्ल त्यांची चकाकी खाऊन टाकतं. संगमरवराचंही तेच. काम सुरू करण्याआधी खाली जुनं प्लास्टिक अंथरा आणि त्यावर टॉवेल टाका. टॉयलेट क्लीनर काचेसाठी वापरायचा मोह होतो, पण त्यातलं हायड्रोक्लोरिक ॲसिड ॲल्युमिनियमची चौकट काळवंडून टाकतं. ते घेऊच नका.

रेघ यात निघाली तर काम संपलं. पुढचं काही करायची गरज नाही.

नख आणि पाण्याचा थेंब

रेघ निघाली नाही, तर काच नीट धुऊन कोरडी करा. खोलीत अंधार करून मोबाइलचा टॉर्च काचेला जवळजवळ टेकवून तिरका धरा. समोरून प्रकाश टाकला तर चरा दिसत नाही. बाजूने टाकला की चऱ्याच्या कडा चमकतात. आता अंगठ्याचं नख चऱ्याला आडवं, हलकेच फिरवा.

नख जराही अडलं नाही तर चरा बारीक आहे आणि निघेल. किंचित जाणवलं, पण अडकलं नाही, तर मशीनने निघण्याची शक्यता आहे, पण वेळ लागेल. नख ठक्कन अडलं तर सोडून द्या. तेवढ्या खोलीपर्यंत काच झिजवताना ती जागा खोलगट होते आणि चरा जाऊन त्याच्या जागी कायमची लहर येते. चऱ्यापेक्षा ती लहर जास्त खुपते.

दुसरी परीक्षा पाण्याची. चऱ्यावर बोटाने पाण्याचा थेंब लावा आणि टॉर्चमध्ये बघा. थेंबाखाली चरा दिसेनासा झाला तर तो उथळ आहे. पाण्याखालीही ठळक दिसत राहिला तर खोल आहे, किंवा त्याच्या कडांना टवके उडालेत. यामागचं कारण सोपं आहे. चरा आपल्याला दिसतो तो त्यात हवा असते म्हणून. हवेतून काचेत जाताना प्रकाश जोरात वळतो आणि चऱ्याच्या कडांवर विखुरतो. काचेचा अपवर्तनांक (प्रकाश किती वळतो, त्याचं माप) सुमारे १.५२, पाण्याचा १.३३, हवेचा जवळपास १. चऱ्यात पाणी शिरलं की फरक कमी होतो आणि चरा मावळतो. पाणी वाळलं की परत उगवतो.

काही जण चऱ्यात पारदर्शक नेलपॉलिश भरतात, ते याच तत्त्वावर चालतं. नेलपॉलिशचा अपवर्तनांक काचेच्या बराच जवळ जातो. पण याला दुरुस्ती म्हणू नका. चरा फक्त झाकला गेलेला असतो, नेलपॉलिश उन्हात काही महिन्यांनी पिवळं पडतं आणि काच पुसताना सुटतं. शोकेसच्या कोपऱ्यातल्या एखाद्या रेघेला चालेल. भरायचं असेल तर टाचणीच्या टोकाने फक्त रेघेत भरा, आजूबाजूला सांडलेलं ॲसिटोनच्या कापसाने टिपून घ्या.

टूथपेस्ट आणि खाण्याचा सोडा

हे दोन उपाय सगळीकडे सांगितले जातात, म्हणून त्यांच्याबद्दल स्पष्ट लिहायला हवं. घासणारा पदार्थ काचेहून पुरेसा कठीण असेल तरच नुसत्या घासण्याने काच झिजते. मोह्‌स मापावर (कठीणतेचं १ ते १० चं माप) खिडकीची काच ५.५ ते ६ च्या आसपास असते. खाण्याचा सोडा २.५. टूथपेस्टमध्ये बहुतेक वेळा कॅल्शियम कार्बोनेट असतं, त्याची कठीणता ३. म्हणजे कितीही रगडलं तरी हे पदार्थ काचेचं काही वाकडं करू शकत नाहीत. टूथपेस्ट लावल्यावर ‘फरक पडला’ असं वाटतं तेव्हा बहुधा वर चिकटलेला मळ, चुना किंवा धातूचा डाग निघालेला असतो. सिलिका असलेल्या टूथपेस्टने खूप वेळ घासलं तर अगदी केसाएवढी रेघ थोडी मऊ दिसू शकते, त्यापुढे काही नाही.

टूथपेस्ट खरी कामाला येते ती ॲक्रिलिकवर. जुन्या घड्याळांच्या ‘काचा’, काही फोटोफ्रेम, स्कूटरच्या मीटरवरचं झाकण हे प्लास्टिक असतं आणि टूथपेस्टने छान उजळतं. तिथला अनुभव लोक काचेला लावतात आणि फसतात. काच की प्लास्टिक हे कळत नसेल तर हात लावून बघा. काच गार लागते आणि नखाने टिचकी मारली तर खणकते. प्लास्टिक कोमट लागतं आणि बद्द वाजतं.

या काचांना हात लावू नका

चष्म्याची भिंगं आज बहुतेक प्लास्टिकची असतात आणि त्यांच्यावर अँटी-ग्लेअरचा लेप असतो. पॉलिश केलं तर लेप ठिपक्या-ठिपक्यांनी जातो. मोबाइलच्या पडद्यावर बोटाचे ठसे न उमटण्याचा पातळ लेप असतो, तो सगळ्यात आधी जातो. वर चिकटवलेल्या टेम्पर्ड ग्लासवर चरे असतील तर ती बदलणं हाच उपाय. फोटोफ्रेमच्या २ मिमीच्या काचेवर मशीन लावू नका, ती दाबाने तडकते. देवघरातल्या किंवा आजी-आजोबांच्या जुन्या फोटोची काच बदलायची असेल तर फोटो काचेला चिकटलेला नाही ना, हे आधी बघा. पावसाळ्यात ओल धरून तो चिकटतो आणि ओढला की वरचा थर काचेबरोबर येतो.

रिफ्लेक्टिव्ह किंवा रंगीत दिसणाऱ्या खिडकीच्या काचेला एका बाजूला धातूचा लेप असू शकतो. तो कुठल्या बाजूला आहे, हे पेनच्या टोकाने कळतं. टोक काचेला टेकवा. टोक आणि त्याचं प्रतिबिंब एकमेकांना चिकटलेलं दिसलं तर लेप याच बाजूला आहे, इथे पॉलिश करू नका. मध्ये काचेच्या जाडीएवढी फट दिसली तर लेप पलीकडे आहे आणि ही बाजू मोकळी आहे.

आरशालाही हीच युक्ती. आरशाचा चंदेरी थर मागच्या बाजूला असतो. चरा समोरच्या काचेवर असेल तर नखाला किंवा टॉर्चला सापडतो आणि त्याचं प्रतिबिंब मागे सरकलेलं, म्हणजे दुहेरी, दिसतं. चरा काळा आणि एकेरी दिसत असेल तर मागचा चांदीचा थर खरवडलाय. तो कितीही पॉलिश केला तरी जाणार नाही.

गाडीच्या पुढच्या काचेवर वायपरने कमानीसारखे चरे पडतात. चालकाच्या डोळ्यांसमोरच्या भागात घरी पॉलिश करू नका. तिथे आलेली थोडीशी लहरही रात्री कसारा घाटात समोरून येणाऱ्या दिव्यांना फाटे फोडते. त्याऐवजी वायपरचे रबर बदला, कारण चरे पाडणारी वाळू त्याच्यातच रुतलेली असते.

टफन्ड (भट्टीत तापवून कणखर केलेली) काच, म्हणजे गॅसच्या शेगडीचा वरचा भाग, बाथरूमचं काचेचं दार, काही टेबलं. अशा काचेच्या कोपऱ्यात बहुधा छोटा शिक्का असतो. उथळ चऱ्यासाठी हलकं पॉलिश चालतं, पण गरम होऊ द्यायची नाही आणि खोलवर जायचं नाही. तिचा पृष्ठभाग आतून दाबाखाली ठेवलेला असतो. तो थर भेदला तर सगळी काच एकदम चुरा होते. शेगडीच्या काचेवर बर्नरजवळ चरा असेल तर पॉलिश न करता काच बदललेली बरी.

सामान

काच पॉलिश करायचा खरा पदार्थ एकच: सेरियम ऑक्साइडची पावडर. भिंगं घासणारे आणि काचकाम करणारे हीच वापरतात. रंग पांढरट, फिकट गुलाबी किंवा विटकरी. आपल्याकडे केरळ-तमिळनाडूच्या किनाऱ्यावरच्या मोनाझाइट वाळूत सेरियम असतं. काच-आरशाच्या मोठ्या दुकानात, भिंगांचं सामान विकणाऱ्यांकडे किंवा ऑनलाइन मिळते. सातपूर-अंबडच्या औद्योगिक वसाहतींत पॉलिशिंगचं साहित्य विकणाऱ्या दुकानांतही विचारून पाहा. दोन-तीन चऱ्यांसाठी ५० ग्रॅम भरपूर होते. मार्बल पॉलिशची पावडर वेगळी असते, ती घेऊ नका. गेरू किंवा काव तर अजिबात नको. काचेला पॉलिश करणारी जी लाल पावडर पूर्वी वापरत ती शुद्ध लोह ऑक्साइडची असे. आपल्या काव-गेरूत मातीबरोबर वाळूचे कण असतात आणि त्यांनी नवे चरे पडतात.

सेरियम काचेवर काम करतं ते केवळ घासून नाही. पाण्यामुळे काचेचा अगदी वरचा थर किंचित मऊ पडतो आणि सेरियमचे कण त्याला रासायनिक रीतीने धरून ओढून काढतात. म्हणूनच पाणी आटलं की काम थांबतं आणि नुसती उष्णता तयार होते.

बाकीचं: वेग कमी-जास्त करता येणारं ड्रिल, शक्यतो बॅटरीवरचं. ३ इंची (७५ मिमी) फेल्टचं, म्हणजे दाबलेल्या लोकरीचं पॅड, ड्रिलमध्ये बसणाऱ्या दांड्यासह. पाणी फवारायची बाटली. मास्किंग टेप. दोन-तीन मायक्रोफायबर कापडं. डोळ्यांना गॉगल आणि पावडर मिसळताना नाकाला मास्क. प्यायच्या फिल्टरचं पाणी वापरा, बोअरचं पाणी वाळून परत डाग पडतात.

ड्रिलबद्दल एक गोष्ट दोनदा तपासा. घराघरात असतं ते भिंतीला भोक पाडायचं हॅमर ड्रिल. त्याच्यावरचं बटण हातोडीच्या खुणेवर असेल तर ते साध्या ड्रिलच्या खुणेवर आणा. हॅमर सुरू असताना पॅड काचेला टेकलं तर पहिल्या सेकंदात काच जाते. आणि अँगल ग्राइंडर नको. तो मिनिटाला दहा-अकरा हजार फेरे घेतो, आपल्याला ८०० ते १२०० हवेत. २८०० फेऱ्यांच्या ड्रिलचा चाप एक तृतीयांश दाबला की साधारण तेवढा वेग मिळतो. फिरणाऱ्या पॅडवरचं पाणी सगळीकडे उडत असेल तर वेग जास्त आहे, हे समजा.

काम

नाशिकमध्ये एप्रिल-मेमध्ये दुपारी वारा सुटतो आणि धूळ घरात येते, तापलेल्या काचेवर पेस्टही लगेच वाळते. डिसेंबर-जानेवारीत पहाटे काच बर्फासारखी असते, घासताना तिचा एकच भाग तापतो आणि हा फरक काचेला सोसत नाही. म्हणून उन्हाळ्यात सकाळी, थंडीत अकरा-बारा वाजता. पंखा बंद, बाकीच्या खिडक्या बंद.

आधी काच भरपूर पाण्याने धुऊन घ्या, मग एक लिटर पाण्यात एक चमचा भांड्याचा साबण घालून पुसा, परत धुवा, कोरडी करा. चऱ्याच्या आसपास वाळूचा एक कण जरी राहिला तरी पॅड तो गोल-गोल फिरवेल. मग काचेच्या पलीकडच्या बाजूने चऱ्याभोवती मार्करने गोल करा. अलीकडे केलेली खूण पेस्टखाली दिसत नाही आणि काम करताना चरा नेमका कुठे होता तेच कळेनासं होतं. चौकटीला आणि रबराच्या पट्टीला मास्किंग टेप लावा. रबराच्या खाचेत पेस्ट वाळली तर पांढरट रेघ महिनोन्‌महिने निघत नाही.

पेस्टसाठी एका वाटीत दोन चमचे पावडर घ्या आणि पाच चमचे पाणी हळूहळू घालत ढवळा. धिरड्याच्या पिठापेक्षा जरा पातळ व्हायला हवं. सेरियम ऑक्साइड पाण्याच्या सातपट जड असतं, त्यामुळे ते पटकन तळाशी बसतं. दर वेळी घेताना ढवळा, नाहीतर पॅडला नुसतं पाणी लागतं आणि दहा मिनिटं घासून काही होत नाही. नवखे इथेच सगळ्यात जास्त वेळ घालवतात.

पॅड दहा मिनिटं पाण्यात भिजवून पिळून घ्या. चऱ्यावर आणि पॅडवर थोडी पेस्ट लावा. पॅड आधी काचेवर सपाट टेकवा आणि मगच ड्रिल सुरू करा. हवेत सुरू केलं तर पेस्ट पडद्यावर जाते. ड्रिल एका जागी धरू नका. चरा मध्ये ठेवून त्याच्या सगळ्या बाजूंना चार-पाच इंचांपर्यंत, एकमेकांवर येणारे गोल काढत राहा. जोर लावायचा नाही, ड्रिलला टेकवून सरळ धरण्याइतकाच दाब पुरे. पॅडची कड टेकली तर तिथे खळगा पडतो, म्हणून पॅड पूर्ण सपाट.

तीस-चाळीस सेकंद झाले की थांबा आणि तळहाताची मागची बाजू काचेला लावून बघा. कोमट चालेल. हात ठेववत नसेल तर दोन-तीन मिनिटं थांबा, पण तापलेल्या काचेवर गार पाणी मारू नका. पेस्ट घट्ट होऊन ओढल्यासारखं वाटलं तर पाण्याचा एक फवारा मारा. काचेच्या कडेपासून दोन इंचांच्या आत विशेष जपून, कारण काचेला तडा बहुतेक वेळा कडेपासून सुरू होतो.

वायरचं ड्रिल असेल तर ओघळणारं पाणी हाताकडे आणि मोटरकडे येणार नाही, असं धरा. वायरला प्लगजवळ खाली झोळ द्या, म्हणजे पाणी वायरवरून थेट सॉकेटात जात नाही. ईएलसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) असलेल्या लाइनवरच लावा.

दर दोन-तीन मिनिटांनी पेस्ट पुसून, काच कोरडी करून टॉर्च तिरका लावा. ओली असताना बघू नका, ओल्या काचेत सगळे चरे गेलेलेच दिसतात. सुरुवातीला चऱ्याच्या कडा बोथट होतात. रेघ आधी चमकदार असते, मग धागा विरल्यासारखी तुटक होत जाते. नख न अडणारा चरा साधारण पंधरा मिनिटं ते अर्ध्या तासात जातो. तीस मिनिटांनी काहीच फरक नसेल तर चरा तुमच्या अंदाजापेक्षा खोल आहे, तिथेच थांबा.

मशीन नसेल तर फेल्टचा तुकडा लाकडाच्या छोट्या ठोकळ्याला ताणून गुंडाळा आणि हाताने गोल घासा. दोन इंची केसाएवढ्या रेघेलाही पाऊण तास धरा. नुसतं बोटाने कापड दाबून घासू नका, बोटाखाली दाब एका ठिपक्यावर पडतो.

शेवटी पेस्ट वाळण्याआधी भरपूर पाण्याने काच धुवा, कडा जुन्या टूथब्रशने साफ करा. वाटीत उरलेली पेस्ट सिंकमध्ये ओतू नका, नळीच्या वाकात तळाशी बसते. जुन्या वर्तमानपत्रात पुसून कचऱ्यात टाका.

बिघडलं तर

चरा गेला, पण जागा दुधाळ दिसते. याचा अर्थ काम अर्धवट आहे, किंवा पॅडमध्ये जाडसर कण आहेत. पॅड वाहत्या पाण्याखाली पिळून धुवा, ताजी पेस्ट घ्या आणि आणखी दहा मिनिटं, जरा मोठ्या भागावर फिरवा.

कमानीसारखे नवे बारीक चरे उमटले. पॅडमध्ये वाळूचा कण शिरलाय. पॅड जमिनीवर किंवा कडप्प्यावर ठेवलं की हेच होतं. ते पॅड टाकून द्या, धुऊन कण निघतोच असं नाही. पुढच्या वेळी पॅड ताटात उलटं ठेवा.

समोरच्या इमारतीच्या सरळ रेषा त्या जागी वाकतात. थोडक्या भागावर जास्त घासलं गेलं. भोवतीच्या दुप्पट भागावर हलकं पॉलिश करून उतार पसरवता येतो, पूर्ण जात नाही.

काही किटमध्ये पेस्टच्या आधी वापरायला सिलिकॉन कार्बाइडच्या चकत्या येतात, १००० वगैरे नंबरच्या. त्यांनी खोल चरा झपाट्याने जातो, पण सगळी जागा घासलेल्या काचेसारखी पांढरी होते आणि ती पुन्हा पारदर्शक करायला सेरियमने तासभर तरी लागतो. पहिल्या कामाला त्या हातात घेऊ नका, असं आमचं ठाम मत आहे.

नख अडतंय, मग?

टेबलाची काच असेल तर आधी ती उलटी करून बघा. दोन्ही बाजूंच्या कडा घासलेल्या असतील तर चरा खाली जातो आणि टेबल नवं दिसतं. दोघांनी उचला, १२ मिमीची काच चौरस मीटरला ३० किलो भरते. खिडकीची साधी काच बदलणं तर पॉलिशच्या सामानाहून बऱ्याचदा सोपं पडतं. मापं घेताना उंची आणि रुंदी प्रत्येकी दोन ठिकाणी मोजा, लहान आकडा धरा आणि काचवाल्याला जाडी सांगा. टफन्ड काच मात्र एकदा भट्टीतून निघाली की कापता येत नाही, ती मापानुसारच बनवून घ्यावी लागते आणि काही दिवस लागतात.

पुन्हा पडू नयेत म्हणून

घरातल्या काचेवर चरे पडतात ते मुख्यतः दिवाळीच्या साफसफाईत, कोरड्या कापडाने किंवा वर्तमानपत्राने धूळ पुसताना. नाशिकची धूळ नुसती माती नसते. आपला दगड बेसाल्ट आहे आणि त्यातल्या फेल्डस्पार खनिजाची कठीणता ६ ते ६.५, म्हणजे काचेच्या बरोबरीची किंवा वरचढ. बांधकामाच्या वाळूतलं क्वार्ट्‌झ ७. सिंहस्थाची कामं, नवे रस्ते, शेजारची उठणारी इमारत, या सगळ्यांची धूळ खिडकीवर बसलेली असते आणि कापडाखाली ती सॅंडपेपरसारखी फिरते. काचेला कापड लावण्याआधी पाण्याने धूळ ओघळून जाऊ द्या. बादलीभर पाणी टाकता येत नसेल तर फवाऱ्याने काच पूर्ण भिजवा, पाच मिनिटं थांबा, मग रबरी वायपर वरून खाली ओढा.

रंगकामाचे शिंतोडे कोरडे खरवडू नका. साबणाच्या पाण्याने भिजवून, कोरं ब्लेड जेमतेम तिरपं धरून एकाच दिशेने ढकला, मागे ओढू नका. ब्लेडला गंज किंवा खाच असेल तर ते फेकून द्या. टफन्ड काचेवर ब्लेड टाळाच.

आणि स्लायडिंगची खालची पट्टी. तिच्या खाचेत बसलेली रेती खिडकी सरकवताना दोन काचांच्या मधल्या फटीत उडते आणि ब्रशच्या पट्टीत रुतून बसते. मग खिडकी उघडली की प्रत्येक वेळी एकाच उंचीवर आडवी रेघ पडते. आडवे, समांतर, खिडकीच्या रुंदीभर चरे दिसले तर कारण हेच. खाच महिन्यातून एकदा व्हॅक्यूमने किंवा जुन्या टूथब्रशने साफ करा आणि ब्रशची पट्टी कडक झाली असेल तर ॲल्युमिनियमच्या कारागिराकडून बदलून घ्या. पट्टी मीटरवर मिळते आणि खिडकी उतरवली की खाचेतून ओढून नवी सरकवता येते.